लहान कारखानदार आणि मोठ्या कारखान्याची प्रश्नावली
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



१९५४ व १९५५ साली ट्रॉम्बे-माहुलच्या किनाऱ्यावर दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. १९६५ मध्ये खताचा कारखाना सुरू झाला. त्यांच्या आश्रयाने लोखंडकाम, पंपदुरुस्ती असे लहान धंदे वाढले व आपल्यातील अनेक कुटुंबे त्यांवर उभी राहिली. हल्ली अशा पुरवठादारांच्या हाती दरपत्रकाबरोबर एक लांबलचक प्रश्नावलीही पडते. वर्षाला वीज किती, डिझेल किती, टाकाऊ तेल कोणास दिले, कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी भरता काय? ती पाहून कित्येक जण गांगरतात आणि दलालाकरवी मनास येतील ते आकडे भरून देतात. मला भय वाटते ते या आकड्यांचे. पुढे तपासणी झाली, तर खोटे ठरतो तो सही करणारा, दलाल नव्हे.

माहुलची हवा ज्यांनी घेतली आहे, त्यांस हा हिशेब कशासाठी हे सांगावयास नको. परंतु कायदा नेमका काय म्हणतो? सेबीने २०२२-२३ पासून शेअरबाजारातील पहिल्या १००० कंपन्यांना पर्यावरण व कामगारविषयक अहवाल सक्तीचा केला. पुरवठादारांची माहिती मात्र पहिल्या २५० कंपन्यांपुरती, २०२५-२६ पासून, आणि तीही ऐच्छिक. शिवाय खरेदीत ज्याचा वाटा २ टक्के वा अधिक, त्याचीच. तेव्हा दोन लेथ चालविणाऱ्यावर हे ओझे सेबीने घातलेले नसून खरेदीखात्याने घातलेले आहे. तथापि काम हवे, तर उत्तर दिले पाहिजे.

गणित सोपे आहे. विजेच्या एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो व डिझेलच्या एका लिटरमागे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा. वर्षाला १२,००० युनिटे व ६०० लिटर डिझेल लागले, तर ८,४०० आणि १,६२० मिळून १०,०२० किलो झाले. बिले जपून ठेवावीत. टाकाऊ तेल परवानाधारकासच देऊन त्याची पावती घ्यावी. भंगारवाल्यास विकलेल्या तेलाचा पुरावा कोठून आणणार?

मात्र कागद वरून खाली येतो, दर काही वर चढत नाही! धूळ शोषणारे यंत्र बसवा म्हणणाऱ्याने त्याचा खर्च दरात धरू नये काय? एकट्याने हे म्हटले, तर काम शेजाऱ्याकडे जाते. म्हणून दहा-वीस जणांनी मंडळामार्फत एकत्र पत्र द्यावे. सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत मिळावेत असे २००६ चा कायदा सांगतो; त्याचीही त्या पत्रात आठवण द्यावी.

ज्यांस आकडेमोड जड जाते, त्यांनी वर्षाची वीजबिले घेऊन रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात यावे. मी वही घेऊन तेथे बसेन.