विमानकंपनी बदलताना
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका निवृत्त कप्तानांनी केलेले भाषण)



माझे आयुष्य विमानात गेले. व्यासपीठाची मला सवय नाही. तेव्हा ज्यातले थोडेफार कळते, त्याच विषयावर चार शब्द बोलतो.

आपल्या ज्ञातीतील काही तरुण आज निरनिराळ्या विमानकंपन्यांत सहवैमानिक आहेत. दुसऱ्या कंपनीचे बोलावणे आले की ते माझ्याकडे येतात आणि विचारतात, "काका, जाऊ की राहू?" त्यांच्या पाठोपाठ वडिलांचाही फोन येतो, कारण मुलाच्या शिक्षणासाठी पुष्कळदा राहते घर गहाण पडलेले असते. ह्या प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. पुढे १९५३ साली सरकारने विमानकंपन्या आपल्याकडे घेतल्या. देशातील प्रवासासाठी इंडियन एअरलाइन्स आणि परदेशासाठी एअर इंडिया अशी विभागणी झाली. त्या काळी वैमानिक एकदा चिकटला की बहुधा तेथूनच निवृत्त होई. १९९४ साली तो जुना कायदा रद्द झाला आणि स्पर्धेला दार पूर्ण उघडले. पगार वाढले, संधी वाढल्या. पण त्याबरोबरच ईस्ट-वेस्ट आणि मोदीलुफ्त १९९६ मध्ये, किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये जमिनीवर आली. म्हणून "लागली आहे ती नोकरी सोडू नकोस," हा वडीलधाऱ्यांचा उपदेश आता पुरेसा नाही.

स्वतःचेच सांगतो. मी जुनी नोकरी सोडून एका नव्या कंपनीत गेलो. पगार जवळजवळ दुप्पट झाला. तिसऱ्या वर्षी ती कंपनी बंद पडली. अखेरच्या चार महिन्यांचे वेतन मला आजतागायत मिळालेले नाही. सौभाग्यवतींनी पाटल्या मोडून घराचा हप्ता भरला. परंतु त्याच काळात मला कप्तानपद मिळाले होते, आणि कप्तान म्हणून उडविलेले तास माझ्या नोंदवहीत जमा होते. त्या तासांच्या बळावरच पुढची नोकरी मिळाली. गेलो ते चुकलो, असे म्हणवत नाही. योग्यच केले, असेही छातीठोकपणे सांगवत नाही.

ह्या अनुभवावरून मुलांना मी प्रथम सेवाज्येष्ठतेचा विचार करावयास सांगतो. व्यावसायिक परवाना दोनशे तासांच्या उड्डाणावर मिळतो. कप्तान होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या परवान्याला पंधराशे तास लागतात. पण तास भरले म्हणजे खुर्ची मिळते, असे नाही. कंपनीच्या यादीत आपल्यापुढे किती जण आहेत आणि नवी विमाने किती येणार, ह्यावर ते ठरते. कंपनी बदलणारा सहवैमानिक बहुधा यादीच्या तळाशी जातो. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदविली, तेव्हा सर्वत्र आनंद झाला. परंतु मागणी नोंदविलेले विमान आणि धावपट्टीवर उभे असलेले विमान ह्यांत कित्येक वर्षांचे अंतर असते. वैमानिक आधी आणि विमान मागाहून, असे झाले की तरुण घरी बसतो आणि त्याचे तास खोळंबतात.

त्यानंतर विश्रांतीचा विचार करावा. वैमानिकांच्या आठवड्याच्या सलग विश्रांतीची मर्यादा छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर नेणारे नियम २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाले. त्यांचा शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला, आणि डिसेंबरच्या आरंभी इंडिगोला हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. नव्या नियमांशी वेळापत्रकाचा आणि वैमानिकांच्या संख्येचा मेळ बसला नव्हता. तेव्हा नव्या कंपनीत पगार किती, हे विचारण्याआधी तेथील दोन सहवैमानिकांना भेटून महिन्यात रात्रीची उड्डाणे किती आणि घरी झोपावयास किती दिवस मिळतात, हे विचारावे.

शेवटची गोष्ट दिलेल्या शब्दाची. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०१७ साली कप्तानाला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना घालून दिली. मुदत जाचक वाटते, हे मी जाणतो. दुसरी कंपनी इतके दिवस थांबेलच, असे नाही. परंतु २०२३ साली अकासा ह्या कंपनीतून चाळीसहून अधिक वैमानिक मुदत न भरता निघून गेले, उड्डाणे रद्द झाली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. नियम अन्यायाचा वाटत असेल, तर संघटनेमार्फत त्याविरुद्ध भांडावे. पण रात्रीतून नाहीसे होऊ नये. आपला व्यवसाय लहान आहे. आज ज्याला तोंडघशी पाडले, तोच उद्या मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसलेला असतो.

आता पालकांना एक विनंती. कर्जाचा हप्ता हा मुलाच्या डोक्यावरचा सर्वांत मोठा भार असतो. त्यामुळे जास्त पगाराची कंपनी त्याला चांगली वाटू लागते. निदान सहा महिन्यांचे हप्ते भरता येतील एवढी पुंजी घरात वेगळी ठेवा, म्हणजे त्याला शांतपणे विचार करता येईल. आणि विवाह जुळविताना "मुलगा कोणत्या कंपनीत आहे?" एवढेच विचारून थांबू नका. कंपनीच्या नावाची पाटी उद्या उतरू शकते. त्याचा परवाना स्वच्छ आहे का, प्रकृती निकोप आहे का, आणि मागच्या कंपनीतून तो चांगल्या शब्दांनिशी बाहेर पडला का, हे विचारा. मुलगी वैमानिक असेल, तर तिच्याविषयीही हेच विचारा.

"जाऊ की राहू?" ह्याचे उत्तर मी कोणालाही देत नाही. एक कागद घ्या, त्यावर ह्या तीन गोष्टी लिहा आणि पगाराचा आकडा सर्वांत शेवटी लिहा, एवढेच सांगतो. मागच्या वर्षी एका मुलाने तसा कागद लिहिला आणि तो आहे तेथेच राहिला. दुसऱ्याने लिहिला आणि तो पूर्वसूचनेची मुदत पुरी करून गेला. दोघेही आज ह्या सभागृहात बसले आहेत, आणि दोघांचेही मला कौतुक वाटते.