चौदाव्या वर्षीचा होकार



अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये गेल्या दशकात एक प्रकार नित्याचा झाला होता. आठवी-नववीतल्या मुलाला एखाद्या नामांकित विद्यापीठाचा प्रशिक्षक शब्द द्यायचा, ‘तुझी जागा आमच्याकडे पक्की.’ मुलगाही तोंडी होकार द्यायचा. कॉलेज अजून चार-पाच वर्षं लांब, काय शिकायचं याचा घरात विषयही निघालेला नाही, आणि विद्यापीठ मात्र ठरलेलं.

आपल्या कोकणात मोहोर पाहून आंब्याची बाग घेणारे व्यापारी आहेत. पण ते निदान बयाणा देतात. इथे बयाणा नाही, कागद नाही. सही व्हायची ती थेट बारावीत. तोवर प्रशिक्षकाची नोकरी गेली, मुलाची उंची खुंटली, कोपर दुखावलं, तर त्या शब्दाला कोणी बांधील नाही. मुलगाही होकार मागे घेऊ शकतो हे खरं. पण होकार जाहीर झाला की बाकीचे प्रशिक्षक सहसा त्याच्याकडे बघणं सोडतात. पुढे विद्यापीठाने शब्द फिरवला, तर इतर संघांतल्या जागा भरून गेलेल्या असतात. प्रशिक्षक दुसरा मुलगा शोधतो. याला मात्र दुसरं सतरावं वर्ष मिळत नाही.

प्रशिक्षक असं का वागत होते? एका संघात ३५ खेळाडू, आणि त्या सगळ्यांत मिळून पूर्ण शिष्यवृत्त्या फक्त ११.७. त्या फार तर २७ जणांत वाटायच्या. म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला फीचा एखादा हिस्साच. अशा तुटवड्यात शेजारच्या विद्यापीठाने चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आधी उचलला तर आपलं काय, ही धास्ती प्रत्येकाला. एकट्याने थांबायचं ठरवलं तर तोच मागे पडणार. म्हणून दहावीतला मुलगा, मग नववीतला, मग आठवीतला.

नियम नव्हते असं नाही. प्रशिक्षकाने लहान मुलाला फोन करायला बंदी होती, पण मुलाने प्रशिक्षकाला फोन केला तर चालायचं. मग मुलाच्या क्लबच्या प्रशिक्षकाकडे निरोप जायचा, ‘अमुक वाजता या नंबरवर फोन करायला सांगा.’ नियमाचं अक्षर पाळलं जायचं, आणि चौदा वर्षांचा मुलगा घाबऱ्या आवाजात आपल्या भवितव्याचा फोन स्वतः लावायचा.

ही निवड होते कशी? ‘शोकेस’ नावाचे मेळावे भरतात. प्रवेशासाठी पालक पैसे मोजतात, शिवाय प्रवास आणि हॉटेल. मुलाला नंबर मिळतो. तो साठ यार्ड धावतो, स्टॉपवॉच थांबतं. आउटफिल्डमधून चेंडू फेकतो, तो वेग लिहिला जातो. मग पिचर उंचवट्यावर येतो आणि जाळीमागे वेग मोजणाऱ्या रडार गन उचलल्या जातात. चेंडू ग्लव्हमध्ये आपटला की मुलाची नजर आधी त्या आकड्याकडे जाते. चेंडू कुठे पडला, फलंदाज फसला असता का, हे नंतर.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो हा आकडा. तेरा-चौदाव्या वर्षी कोपराच्या आतल्या बाजूची वाढीची कूर्चा पुरती जुळलेली नसते. दोन मुलं एकाच वर्गातली, पण एकाचं अंग भरलेलं, दुसऱ्याला मिसरूडही नाही. रडार गन यात कौशल्य मोजत नाही, कोण आधी वयात आला हे मोजते. मागे राहिलेला मुलगा ती उणीव जोर लावून भरून काढायला बघतो. व्यावसायिक बेसबॉलची मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावाची मर्यादा घालून दिली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू टाकावेत, आणि ६६ किंवा त्याहून अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती. पण मुलगा शनिवारी एका संघाकडून खेळतो आणि रविवारी दुसऱ्या. दोन्हींची बेरीज करणारं माणूस घरातच असावं लागतं, आणि मुलगा प्रशिक्षकांच्या नजरेत यावा हे तर घरच्यांनाच हवं असतं! कोपराच्या अस्थिबंधावरची टॉमी जॉन शस्त्रक्रिया १९७४मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा केली ती एका मुरलेल्या व्यावसायिक पिचरवर. आज ती शाळकरी मुलांवर होते. डिसेंबर २०२४मध्ये मेजर लीगने पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला, त्यातही वेगाच्या हव्यासावरच बोट ठेवलं आहे.

भरतीचे नियम अखेर बदलले. लॅक्रॉसने २०१७मध्ये, सॉफ्टबॉलने २०१८मध्ये पाऊल उचललं. बेसबॉलला २०२३ उजाडलं. आता अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत प्रशिक्षकाला मुलाशी भरतीचं बोलता येत नाही, ऑफर देता येत नाही. मी या नियमाचं मनापासून स्वागत करतो, कारण एकट्या प्रशिक्षकाला जे परवडत नव्हतं ते सगळ्यांना मिळून शक्य झालं.

मात्र शोकेस थांबलेले नाहीत, लहान मुलांच्या क्रमवारीही चालूच आहेत. शिवाय दुसऱ्या बाजूने वाट अरुंद झाली. ट्रान्सफर पोर्टलमुळे प्रशिक्षकाला एकवीस वर्षांचा तयार खेळाडू दुसऱ्या कॉलेजातून आणता येतो. कॉलेज खेळांबाबतच्या २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांवरचं शिष्यवृत्त्यांचं बंधन उठलं, पण संघ ३४ जणांचा झाला. कमी जागा, आणि त्यांवर मोठ्या वयाचे दावेदार.

म्हणून माझी मागणी आहे की ऑफर द्यायची तर पहिल्या दिवसापासून लेखी द्यावी, आणि विद्यापीठाने ती मोडली तर कबूल केलेली शिष्यवृत्ती त्या मुलाला मिळावीच, मग त्याने चेंडू टाकला नाही तरी. पैसे अडकणार असतील तर कोणताही प्रशिक्षक घाईने शब्द देणार नाही.