धुळे जेलमधले अठरा रविवार

(अर्जुनी मोरगावला तरुण मुलामुलींसमोर केलेलं हे बोलणं. एपिसोड ऐकायला नेट पुरत नसेल त्यांच्यासाठी लिहून देतोय. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)

मागं आवाज येतोय ना? बरं.

धान कापून बांधीत पडलेलं असतं. कडपा सुकायला दोन दिवस हवे असतात आणि नेमका तेव्हाच पाऊस येतो. अशा दिवशी घरात कोणी कोणाशी बोलत नाही. आणि मोबाइलवर मात्र सकाळीच मेसेज आलेला असतो, मागं उगवता सूर्य, वर सुविचार. खरं सांगा, त्यानं कधी कोणाला बरं वाटलंय? (हशा) मला तरी नाही. त्यातले शब्द चुकीचे नसतात हो. फक्त ते कोणा एका माणसासाठी लिहिलेले नसतात.

मग धीर देणारे शब्द येतात कुठून? आज एका जेलची गोष्ट सांगतो. गीतेवरून आहे, पण तुम्ही गीता मानता की नाही हा आजचा विषय नाही.

विनोबा भावे आपल्याला पवनारचे, भूदानवाले म्हणून माहीत आहेत. त्यांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता समजून घ्यायची होती. संस्कृत येत नव्हतं. मुलानं मराठी गद्य भाषांतर आणून दिलं, तिला पद्यात हवं होतं. पद्यातलं आणलं, तर ते अवघड निघालं. तेव्हा तिनं सरळ सांगितलं, मग तूच सोपी करून दे की.

आई १९१८ मध्ये गेली. मुलानं काम हातात घेतलं ७ ऑक्टोबर १९३० ला, वर्ध्याला. ६ फेब्रुवारी १९३१ ला पूर्ण केलं. नाव ठेवलं ‘गीताई’. जिनं मागितली होती तिला ती कधीच वाचायला मिळाली नाही.

बारा वर्षं, मंडळी. आपण मेसेजला बारा मिनिटांत रिप्लाय आला नाही तर चिडतो.

पुढच्याच वर्षी, १९३२ ला, विनोबा धुळ्याच्या जेलमध्ये होते. सत्याग्रहात पकडलेली बरीच माणसं तिथं होती, जमनालाल बजाजही होते. घरदार मागं राहिलेलं. तिथं विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलू लागले. २१ फेब्रुवारीला सुरुवात, १९ जूनला शेवट. अठरा रविवार, अठरा अध्याय. भाषा साधी, उदाहरणं घरातली, शेतातली.

रेकॉर्डर नव्हताच. समोर बसलेला एक कैदी भराभर लिहून घेत होता. ते साने गुरुजी. त्यांनी लिहून घेतलं म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं, आणि पुढं भारतातल्या कितीतरी भाषांत गेलं. आपल्या ब्लॉगवर आपण बोलण्याचा मजकूर टाकतो ना, तेच काम, नुसत्या हातानं. मला वाटतं, मराठीतला सगळ्यात भारी ट्रान्स्क्रिप्ट तोच आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. साने गुरुजींची आई १९१७ ला गेली होती. म्हणजे बोलणारा आणि लिहिणारा, दोघंही आईविना. दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, गुरुजींनी नाशिकच्या जेलमध्ये ‘श्यामची आई’ लिहून काढली. पाच दिवसांत! धुळ्याच्या त्या रविवारांमुळे ती लिहिली गेली असं मी म्हणत नाही. पण आईशी ज्या भाषेत बोलायचं, त्याच भाषेत दोघांनीही लिहिलं, हे तर दिसतंच.

आता आपल्याजवळच बघा. गोठणगावचा तिबेटी कॅम्प तुम्हाला माहीत आहे, १९७२ पासूनचा. थंडीत स्वेटर विकणारी माणसं एवढीच आपली ओळख. देश सोडून आलेल्या लोकांची ही वसाहत. घर, शेत, जनावरं पाठीवर घेऊन डोंगर ओलांडता येत नाही. भाषा घेऊन येता येते. त्यांच्या रंगीत पताका नुसती सजावट नसते, कापडावर मंत्र छापलेले असतात. वाऱ्यासोबत ते शब्द सगळीकडे जातात, अशी त्यांची श्रद्धा.

आणि आपण? ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं की कॉलेजात हसतात, म्हणून आपण झाडीबोली घरीच ठेवून येतो. साकोलीकडचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीसाठी आयुष्य घातलं, आणि आपल्याला तिची लाज वाटते. मला याचा राग येतो. कारण दुःखात माणूस प्रमाण मराठीत रडत नाही. मयतीच्या घरी शेजारची बाई येते, डबा ठेवते, म्हणते, “काहून, जेवली का?” एवढंच. त्यात तत्त्वज्ञान काहीच नाही, पण ते त्या घरासाठी, त्या वेळेला म्हटलेलं असतं.

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण गोड गोड बोलून मला जायचं नाही. साने गुरुजींनी अख्ख्या महाराष्ट्राला धीर दिला, आणि ११ जून १९५० ला स्वतःचं जीवन स्वतःच संपवलं. त्यांची पुस्तकं त्यामुळे खोटी ठरत नाहीत. पण पुस्तक वाचून, भजन ऐकून, लिहून काढूनही मनातला अंधार जात नसेल, तर ‘माझीच श्रद्धा कमी पडली’ असं समजू नका. ताप आला की डॉक्टरकडे जातो, तसंच हे. १४४१६, सरकारचा टेली-मानस नंबर आहे. फुकट आहे, रात्री दोनलाही लागतो, मराठीत बोलतात. आत्ताच सेव्ह करा, मी थांबतो.

(थोडा वेळ शांतता)

झालं? मित्र उदास असेल तर त्याला सुविचार पाठवू नका. फोन लावा. काय बोलायचं सुचलं नाही तर जेवला का विचारा, आणि तो बोलायला लागला की मध्ये तोंड घालू नका.

माझं संपलं. आता माइक खाली देतो. ज्याला बोलायचं असेल त्यानं बोलावं, घरी बोलता तसं. रेकॉर्डिंग बंद करायचं असेल तर खूण करा, बंद करतो.