सर्व्हरची आवृत्ती बदलताना : रुग्णनोंदींची प्रत आणि पुनर्स्थापना

(वार्षिक सभेच्या निमित्ताने संगणक व अभिलेख विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयाच्या वार्षिक सभेत शस्त्रक्रिया, यंत्रसामग्री व देणग्या यांविषयी बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. आमच्या विभागाचे काम सुरळीत चालते तोवर कोणाच्या दृष्टीस पडत नाही. आज आपणांपुढे उभे राहण्याचे कारण असे, की आपल्या रुग्णालयाचे केसपेपर, प्रयोगशाळेचे अहवाल, औषधभांडाराच्या नोंदी व बिले ज्या सर्व्हरवर आहेत, त्यावरील डेटाबेसची आवृत्ती आता बदलावयाची आहे. हे काम एका रात्रीचे दिसते. त्याची पूर्वतयारी मात्र कित्येक आठवड्यांची आहे, आणि तिच्यासाठी आपली संमती हवी आहे.

चालते आहे ते का बदलावे, असा प्रश्न साहजिक आहे. आपण वापरतो त्या पोस्टग्रेसक्यूएल या मुक्त डेटाबेसची नवी प्रमुख आवृत्ती साधारणतः दरवर्षी निघते व प्रत्येक आवृत्तीस पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. आपली आवृत्ती १३ ही २०२० सालची असून तिच्या दुरुस्त्या नोव्हेंबर २०२५ मध्ये बंद झाल्या. यापुढे तीत सुरक्षेचा दोष आढळला तरी तो बुजविणारे कोणी नाही. असा हल्ला रुग्णालयावर झाला म्हणजे काय होते, हे देशाने पाहिले आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर खंडणीखोरांनी कुलूपबंद केले, तेव्हा नोंदणी, दाखले, प्रयोगशाळा ही सर्व कामे कागदावर करावी लागली. बहुतेक सेवा पूर्ववत होण्यास सुमारे दोन आठवडे लागले. बाधा न पोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून माहिती परत मिळाली, म्हणून ते संकट निभावले.

बॅकअप रोज रात्री निघतो, मग चिंता कशाची? येथेच आमच्या म्हणण्याचा गाभा आहे. प्रत काढणे हे अर्धे काम आहे. ती दुसऱ्या यंत्रावर उभी करून, उघडून, तपासून पाहिल्याखेरीज ती प्रत आहे असे म्हणता येत नाही.

याचे बोलके उदाहरण गिटलॅब या कंपनीचे आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरील डेटाबेसची निर्देशिका पुसली गेली. बॅकअप शोधू गेले तो जागा रिकामी. सर्व्हर ९.६ या आवृत्तीचा होता आणि प्रत काढणारे साधन ९.२ या जुन्या आवृत्तीचे. ते प्रत्येक वेळी नकार देऊन थांबत होते, आणि त्या नकाराची सूचना देणारे ई-मेलही पोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी घेतलेली एक प्रत हाती लागली, म्हणून हानी सहा तासांच्या नोंदींवर निभावली. कंपनीने ही हकीकत स्वतःच प्रसिद्ध केली, याबद्दल आमच्यासारख्यांनी तिचे ऋणी असावे. आवृत्ती बदलण्याच्या वेळी सर्व्हर व साधन यांच्या आवृत्त्यांचा मेळ चुकणे किती सोपे आहे, हे तीवरून कळते.

आपल्या शाहूपुरीला ही गोष्ट नवी वाटू नये. राजर्षी शाहू महाराजांनी वसविलेली ही व्यापारी पेठ गुळाच्या व्यवहारावर वाढली. वर्ष संपताना व्यापारी जुन्या वहीतील शिल्लक नव्या वहीत ओढतो आणि ताळा जमतो की नाही ते पाहतो. ताळा जमेपर्यंत जुनी वही कोणी बांधून माळ्यावर टाकीत नाही. आम्ही योजिलेली पद्धत हीच आहे.

प्रथम, संपूर्ण काम दुसऱ्या यंत्रावर रंगीत तालमीसारखे करून पाहावयाचे. त्यातून प्रत्यक्ष किती तास लागतील हे कळेल व वॉर्डांना खरी वेळ सांगता येईल. नंतर ठरल्या रात्री नव्या नोंदी थांबवावयाच्या. प्रत काढण्याचे साधन काम चालू असतानाही सुसंगत प्रत देते, परंतु ते सुरू झाल्यानंतरच्या नोंदी तीत येत नाहीत. बारा वाजता प्रत काढली आणि साडेबारास दाखल झालेल्या रुग्णाची नोंद जुन्या सर्व्हरवर झाली, तर तो रुग्ण नव्या सर्व्हरवर असणारच नाही. अपघात विभाग अर्थातच थांबणार नाही. त्याच्यासाठी छापील केसपेपर व राखून ठेवलेली क्रमांकमालिका देण्यात येईल, म्हणजे सकाळी त्या नोंदी भरताना एकच क्रमांक दोघांना जाणार नाही.

प्रत काढावयाची ती नव्या आवृत्तीच्या साधनाने. तसा त्या प्रणालीच्या निर्मात्यांचाच सल्ला आहे. एकेका डेटाबेसच्या प्रतीत वापरकर्त्यांची नावे व त्यांचे अधिकार येत नाहीत, ते स्वतंत्रपणे घ्यावे लागतात. हे राहून गेले तर नोंदी सुखरूप असूनही सकाळी परिचारिकेला केसपेपर उघडता येणार नाही. पुनर्स्थापना होत असता आलेली प्रत्येक त्रुटीसूचना वाचावयाची, आणि शेवटी डेटाबेसची अंतर्गत आकडेवारी नव्याने तयार करावयाची. ती नसेल तर साधा शोधही रेंगाळतो.

यानंतर ताळा. प्रत्येक तक्त्यातील नोंदींची संख्या जुन्या व नव्या ठिकाणी सारखी हवी. बिलांची व औषधसाठ्याची बेरीज जुळावी. काही केसपेपर कागदाशी ताडून पाहावेत. आपल्यासाठी आणखी एक तपासणी आहे, ती मराठीची. युनिकोड येण्यापूर्वीच्या फाँटांत भरलेली नावे आतून रोमन चिन्हांचीच असतात. ज्या यंत्रावर तो फाँट नाही तेथे ती निरर्थक अक्षरे होतात. ‘कुऱ्हाडे’सारख्या आडनावातील ऱ्ह दोन निरनिराळ्या प्रकारे साठविलेला आढळतो, आणि मग एकाच रुग्णाची दोन खाती दिसू लागतात. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी लिपीतील दप्तरे जपून ठेवलेली आहेत, पण ती वाचण्यास मोडी जाणणारा लागतो. नोंद टिकणे आणि नोंद वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

परतीची वेळही आधीच ठरलेली असावी. पहाटेच्या ठराविक वेळेपर्यंत ताळा न जमल्यास, कोणाचीही भीड न धरता, जुना सर्व्हर जसाच्या तसा पुन्हा चालू करावयाचा. यासाठी त्याला हात न लावणे अत्यावश्यक आहे. वेळ वाचविण्यासाठी जुन्या फायली नव्या आवृत्तीस थेट जोडण्याची सोय आहे. परंतु नवी आवृत्ती एकदा सुरू झाली की जुनी सुरक्षितपणे वापरता येत नाही. म्हणून आम्ही ती सोय नाकारीत आहोत. एक रात्र लांबली तरी चालेल, परतीचा रस्ता मोडावयाचा नाही.

प्रती कोठे ठेवाव्यात, याचे उत्तर पंचगंगेने दिले आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते; २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आपल्याच शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पुराचे पाणी शिरते. तळमजल्यावरील सर्व्हरशेजारच्या कपाटातली प्रत अशा वेळी सर्व्हरबरोबरच बुडेल. प्रत केवळ पुण्यास ठेवूनही भागत नाही, कारण २०१९ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्गच कित्येक दिवस बंद होता. यास्तव एक प्रत शहराच्या उंच भागात, जेथून ती हाताने आणता येईल, आणि एक जिल्ह्याबाहेर, अशी आमची सूचना आहे. दोन्ही सांकेतिक कुलुपात असाव्यात आणि त्या कुलपाची किल्ली एकाच व्यक्तीपाशी नसावी.

इतका खटाटोप कशासाठी, असे वाटेल. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांचे अभिलेख तीन वर्षे जपावे लागतात व मागणी झाल्यास ७२ तासांत द्यावे लागतात. धर्मादाय रुग्णालय म्हणून १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून, निर्धन रुग्ण निधीचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास द्यावा लागतो. तो हिशेबही याच सर्व्हरवर आहे. पण नियम नसते तरी हे काम टळले नसते. पेनिसिलिन सोसत नाही ही एका ओळीची नोंद, मागच्या वर्षीच्या शस्त्रक्रियेचा तपशील, बाळाच्या जन्माची वेळ, यांची दुसरी प्रत रुग्णापाशी बहुधा नसते. ज्याच्या घरी कागद जपण्यास कपाट नाही, त्याचे कपाट आपले रुग्णालय आहे.

म्हणून विश्वस्त मंडळास तीन विनंत्या आहेत. तालमीसाठी एक दुसरे यंत्र मंजूर व्हावे, जे पुढेही दर तीन महिन्यांनी प्रत उभी करून पाहण्यास उपयोगी पडेल. बदलाच्या कामासाठी शनिवारची रात्र व रविवारची सकाळ मिळावी. आणि ताळा पाहण्यास लेखा विभाग, प्रयोगशाळा व वॉर्ड यांतील प्रत्येकी एक जाणकार आमच्यासोबत बसावा. कारण आकडे जुळले हे आम्ही सांगू शकतो, पण नोंद खरी आहे हे ती लिहिणाराच ओळखतो.

सोमवारी सकाळी खिडकीशी आलेल्या रुग्णाला रात्री काही घडले याचा पत्ताही लागू नये, एवढीच आमची इच्छा आहे.