एकच प्रत उरलेलं गाणं



थोर गायक अल्लादियाखाँसाहेब 1946 साली गेले. आपल्या देशात 1902 पासून गाण्यांच्या तबकड्या निघत होत्या, तरीही खाँसाहेबांचा आवाज आज ऐकायला मिळत नाही. त्यांची गायकी आपण ऐकतो ती केसरबाई, मोगूबाई अशा शिष्यांच्या गळ्यातून. पुढच्या पिढ्यांचं गाणं मात्र रसिकांनी खासगी बैठकींत स्पूल टेपवर, मग कॅसेटवर टिपून ठेवलं. तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांत आटपावा लागणारा राग त्या बैठकींत तासभर फुललेला असतो. हे सारं धन गेल्या काही वर्षांत कॉम्प्युटरवर चढलं. टेपांना बुरशी लागली, काही रद्दीत गेल्या, आणि कितीतरी मैफली आता एखाद्याच हार्ड डिस्कवर उरल्या आहेत. बाजारात मिळणारं गाणं पुन्हा घेता येईल. या मैफली पुन्हा मिळायच्या नाहीत, म्हणून मला त्यांची काळजी वाटते.

टेप बिघडते ती हळूहळू. खरखर वाढते, आवाज दबतो, तरी गाणं कानावर येतं. डिस्क कालपर्यंत उत्तम चाललेली असते आणि आज जोडल्यावर कॉम्प्युटर विचारतो, ‘फॉरमॅट करायची का?’ तिथे ‘हो’ म्हणू नका. पुष्कळदा, विशेषतः कॉपी चालू असताना वायर ओढली गेली असेल तर, बिघडलेली असते ती फक्त कुठली फाइल कुठे आहे याची नोंद. गाणी जागच्या जागी असतात. अशा डिस्कवर नवीन काहीही लिहू नये. ती टकटक आवाज करत असेल तर बिघाड यंत्राचा आहे. लगेच बंद करावी आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. आणखी एकदा लावून बघण्यानं नुकसान वाढतं. अडखळत का होईना वाचली जात असेल, तर आधी तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवावी. ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा मोफत प्रोग्राम हेच करतो. सहज वाचता येणारा भाग तो आधी उचलतो, हट्टी भागाकडे नंतर वळतो. दुरुस्तीचे प्रयोग मग त्या प्रतीवर करावेत, मूळ डिस्कवर नाही.

मला जास्त भीती वाटते ती गुपचूप होणाऱ्या बिघाडाची. फाइलचं नाव तेच, आकार तोच, पण आत विलंबितात मध्येच आवाज तुटलेला. आपण मोठ्या नेमानं बॅकअप घेतो आणि जुन्या चांगल्या प्रतीवर ही खराब प्रत चढवून बसतो. शेकडो तासांचं गाणं कान लावून तपासणार कोण? इथे ‘फ्लॅक’ हा प्रकार फार उपयोगी आहे. सीडीच्या दर्जाची तासाभराची मैफल साधारण 635 एमबी होते. फ्लॅकमध्ये ती जवळपास निम्म्या जागेत मावते आणि आवाजातलं काहीही गळत नाही. शिवाय मूळ आवाजाची एक सांकेतिक खूण बहुतेक फ्लॅक फाइलींत साठवलेली असते. फ्लॅकचाच प्रोग्राम ती पडताळून फाइल शाबूत आहे की नाही ते सांगतो. ही तपासणी बॅकअपच्या आधी करावी.

आणि संग्राहकांना माझी कळकळीची विनंती आहे: दुर्मीळ ध्वनिमुद्रण कुणालाच द्यायचं नाही, हा बाणा सोडा. 2019 साली ‘मायस्पेस’ या संकेतस्थळानं मान्य केलं की सर्व्हर बदलताना जुनी गाणी गेली. तो आकडा पाच कोटींच्या घरात सांगितला गेला. त्यातली सुमारे 4 लाख 90 हजार गाणी परत मिळाली, ती केवळ काही अभ्यासकांनी आधीच आपल्याकडे उतरवून ठेवली होती म्हणून. एवढ्या मोठ्या कंपनीची ही कथा, तर आपल्या कपाटातल्या डिस्कचं काय! एक प्रत आपल्याजवळ असू द्या, एक दुसऱ्या गावच्या स्नेह्याकडे, आणि एक त्या कलाकाराच्या घरी. पहिला हक्क त्यांचाच आहे.

देताना राग, ठिकाण, तारीख, तबल्याला कोण, पेटीला कोण, ही माहिती फाइलच्या नावापुरती ठेवू नका, फाइलच्या आतल्या टॅगमध्येही भरा. कोसळलेल्या डिस्कमधून गाणी परत काढली जातात तेव्हा अनेकदा त्यांची मूळ नावं हरवलेली असतात, आणि हाती येतात नुसत्या आकड्यांच्या फाइली.