सदाचार आणि कृपा

पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगीज अमलाखाली आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. सोळाव्या शतकात बारदेश व साष्टी येथे उसळलेली धर्मांतराची लाट तेथवर पोहोचली नाही. म्हणून तेथील ख्रिस्ती कुटुंबे आजही हिंदूंच्या शेजारी नांदतात. लोकश्रद्धा तर शिरगावची लईराई, मोरजीची मोरजाई आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण यांना बहिणी मानते. अशा शेजारात एक प्रश्न अटळ होतो. बाप्तिस्मा न घेतलेला, परंतु निर्मळ आचरणाचा शेजारी तरेल काय? आणि बाप्तिस्मा घेऊनही ज्याचे माप खोटे, त्याचे काय?

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस या तपस्व्याने शिकविले की, मनुष्य स्वतःच्या इच्छाबळाने सदाचारी होऊ शकतो. संत ऑगस्टीन याने त्याचे खंडन केले. मनुष्याची इच्छाच मुळी दुबळी आहे. तिला प्रथम सावरते ती ईश्वरी कृपा, असे त्याचे प्रतिपादन होते. तारण हे दान आहे, कमाई नव्हे, असे संत पौल सांगतो. तर कृतीवाचून श्रद्धा निर्जीव, असे संत याकोब बजावतो. या दोन वचनांच्या मेळावरून पुढे सोळाव्या शतकात ख्रिस्ती जगत दुभंगले. १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने निर्णय दिला की, आरंभ कृपेचा, परंतु तिला मनुष्याने मनापासून साथ दिली पाहिजे. १९९९ साली कॅथलिक व ल्यूथरपंथी यांनी संयुक्त घोषणा करून या वादातील मूलभूत सत्यांवर एकमत नोंदविले.

शेतकऱ्याला हे कळणे अवघड नाही. नांगरणी केली म्हणून पाऊस पडत नाही. पण न नांगरलेल्या शेतात पाऊस पडूनही गवतच माजते. मात्र ही उपमा एका ठिकाणी तोकडी पडते. ख्रिस्ती मतानुसार नांगर धरण्याची बुद्धी हेही कृपेचेच देणे होय.

मूळच्या इंग्लंडच्या आणि १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपले 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत रचले. ते १६१६ साली छापले गेले. 'कृपा' हा शब्द त्यांना घडवावा लागला नाही; संतांच्या वाणीने तो आधीच घरोघरी पोहोचविला होता.

शेजाऱ्याविषयीच्या प्रश्नाला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली उत्तर दिले. स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख घडली नाही, परंतु जे प्रांजळपणे ईश्वराचा शोध घेतात आणि कृपेच्या प्रेरणेने सद्सद्विवेकबुद्धीला अनुसरून वागतात, त्यांनाही तारण लाभू शकते. त्याच परिषदेने चर्चमधील लोकांनाही इशारा दिला: जो प्रेमात टिकत नाही, तो केवळ चर्चचा सभासद म्हणून तरणार नाही.

तेव्हा सज्जनाने आपल्या सदाचाराचा ताठा धरू नये आणि श्रद्धावंताने कृपेच्या भरवशावर आचरण सैल सोडू नये. शेजाऱ्याचा न्याय ईश्वरावर सोपवावा. स्वतःचे माप मात्र रोज तपासावे.