भिंतीतला आपल्या वाट्याचा तुकडा

(खेड-दापोली भागातल्या वाडी कार्यकर्त्यांच्या शिबिरातलं भाषण, टिपणावरून)



मी ख्रिस्ती आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमचे देव तुमच्यापाशी, माझा येशू माझ्यापाशी. धर्माचा प्रचार करायला मी उभा नाही. पण बायबलात एक गोष्ट आहे, जमिनीची आणि कर्जाची. ती आपल्या कामाची आहे म्हणून सांगतो.

नहेम्या नावाचा एक यहुदी माणूस इराणच्या राजाच्या दरबारी चाकरीला होता. आपल्या यरुशलेमची तटबंदी पडलीय, वेशीचे दरवाजे जळलेत, असं त्याच्या कानावर आलं. राजाची परवानगी घेऊन तो आला, लोक जमवले. ठेकेदार कुणी नव्हता. लोकांनी भिंतीचे तुकडे वाटून घेतले, कित्येकांनी तर आपल्या घरासमोरचाच. सोनार आले, अत्तरवाले आले, पुजारी आले. शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याच्या मुलीही आल्या. तकोवा गावची साधी माणसं आली, त्यांच्या पुढाऱ्यांनी मात्र हात लावला नाही. बायबलात ही यादी लिहून ठेवलीय, त्या पुढाऱ्यांसकट.

पुढं गरिबांनी ओरड केली. धान्यासाठी शेतं गहाण पडली, राजाचा सारा भरायला कर्ज काढलं, पोरं-पोरी दुसऱ्याच्या दारी राबायला लागल्या. सावकार कोण? परके नव्हते, आपलेच भाऊबंद. नहेम्यानं सभा बोलावली, शेतं आणि व्याज परत द्यायला लावलं. आपण आणि आपल्या माणसांनीही कर्ज दिलंय, हे त्यानं त्याच सभेत सांगितलं.

आता आपल्याकडं या. २००६ च्या वनहक्क कायद्यात दावा एकेका कुटुंबाचा असतो, पण तो एकट्यानं पुरा होत नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात आहे, हे दाखवायला एकाहून जास्त पुरावे लागतात. त्यात दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही धरतात. म्हणजे तुझ्या जमिनीचा पुरावा शेजारच्या आजीपाशी आहे. ती आजी दिवाळीनंतर लेकाबरोबर कोळसाभट्टीवर गेली, तर जबाब कुणाचा लिहायचा? प्रांताच्या समितीनं दावा नाकारला, तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडं अपील करावं लागतं. माणूस घाटावर वीटभट्टीत आणि कागद वाडीत. ते ६० दिवस कोण मोजणार?

आपली वाडी गावाच्या कडेला, थोड्या घरांची. ग्रामसभेत आपले हात आधीच कमी. त्यात ज्याचा दावा मंजूर झाला तो बैठकीला यायचा बंद होतो. आणि उचल देऊन माणसं भट्टीवर नेणारा मुकादम पुष्कळदा आपल्याच नात्यातला असतो. वनखात्याविरुद्ध घोषणा देताना आपला आवाज मोठा निघतो. मुकादमाचा विषय निघाला की सगळे खाली बघतात. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद केली, तिच्यापोटीचं कर्जही रद्द केलं. हे त्याला भर बैठकीत सांगायला हवं. शिव्या न देता, पण स्पष्ट.

माझ्या धर्मात स्वतःपुरतं तारण मागून भागत नाही, शेजाऱ्याचा जाब द्यावा लागतो. आमच्या चर्चमधल्यांनाही मी हेच म्हणतो. रविवारी प्रार्थना आणि सोमवारी व्याजाची वही, हे चालणार नाही. आणि आपण जबाबदारी घेतली म्हणून सरकारची सुटली, असंही नाही. कायदा राबवणं त्यांच्यावर बंधनकारकच आहे.

तेव्हा तीन कामं ठरवू. एक, भट्टीची गाडी यायच्या आधी प्रत्येक वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून, अंगठे घेऊन ठेवायचे. दोन, जे घर पावसाळ्यापर्यंत बंद राहणार, त्याचा कागद घ्यायला आणि निरोप पोचवायला वाडीतलं एक घर नेमायचं. तीन, ज्याला पट्टा मिळालाय त्यानं न मिळालेल्या एकाबरोबर प्रांताच्या ऑफिसात जायचं, त्याचा निकाल लागेपर्यंत.

वही आणलेली आहे. जेवणाआधी वाडीवार बसू आणि कुणाचं घर कुणी सांभाळायचं ते नावानिशी लिहू. बायांची नावंही लिहायची आहेत.

जिंदाबाद!